लायकॉमिंग इंजिनाची निगा : ५० आणि १०० तासांच्या तपासणीत काय पाहावे, काय जुळवावे

सेसना १७२ एस या विमानात लायकॉमिंगचे आयओ-३६०-एल२ए हे इंजिन असते. त्याचे चार सिलिंडर समोरासमोर आडवे बसवलेले असतात, घनफळ ५.९ लिटर असते, ते हवेने थंड होते आणि मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती देते. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. मध्ये गिअरबॉक्स नाही. देशातील अनेक वैमानिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, महाराष्ट्रातीलही, विद्यार्थी पहिले तास याच विमानावर काढतात, म्हणून या लेखासाठी तेच इंजिन निवडले आहे. येथे सांगितलेले बहुतेक सर्व ओ-३२० आणि ओ-३६० घराण्यातील इंजिनांनाही लागू पडते. मात्र आकडे नेहमी आपल्या इंजिनाच्या ताज्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

या इंजिनातून ठरलेल्यापेक्षा जास्त ताकद काढणे हे मेकॅनिकचे काम नाही आणि त्याला तशी मुभाही नाही. प्रमाणपत्रावर जी शक्ती, जे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि ज्या मर्यादा लिहिल्या आहेत, त्यांच्याशी इंजिन पुन्हा पुन्हा आणून जुळवणे, आणि दोन तपासण्यांच्या दरम्यान ते कोणत्या दिशेने सरकते आहे हे ओळखणे, एवढेच काम आहे. त्यातही दुसरा भाग अधिक अवघड आहे. ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवण्याची, मुदत २००० तास किंवा १२ वर्षे अशी दिलेली असते; परंतु एक इंजिन ती सहज गाठते आणि तसेच दुसरे १२०० तासांवर सिलिंडर काढायला लावते. हा फरक बहुधा कोणत्याही एका मापात दिसत नाही. तेल, प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरून ठेवतो ते) आणि लॉगबुक एकत्र वाचल्यावर दिसतो.

भारतात नोंदलेल्या विमानावरील काम डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार अधिकृत संस्थेत आणि परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीनेच पूर्ण होते. शिकाऊ तंत्रज्ञाने, विमानमालकाने किंवा वैमानिकाने पुढील क्रम समजून घ्यावा, हात लावण्याआधी मात्र सही कोण करणार हे ठरलेले असावे.

काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उघडण्याआधी

पाने आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर काढण्यापूर्वी अर्धा तास कागदांवर घालवावा. मागील तीन तपासण्यांतील प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, मध्यंतरी किती तेल भरले, वैमानिकांनी कोणत्या तक्रारी लिहिल्या आणि कोणते सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाची सूचना) किंवा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (नियामकाचा सक्तीचा आदेश) नव्याने लागू झाले, हे एका कागदावर सिलिंडरवार उतरवावे. लायकॉमिंगमध्ये पुढचा उजवा सिलिंडर १ क्रमांकाचा आणि पुढचा डावा २ क्रमांकाचा असतो. कॉन्टिनेन्टल इंजिनांत मोजणी मागून सुरू होते. त्यामुळे दोन्ही प्रकारची विमाने असलेल्या हँगरमध्ये ‘३ नंबर गरम आहे’ एवढ्या तोंडी निरोपावर विसंबू नये.

त्यानंतर इंजिन चालवून पाहावे, कारण काही दोष फक्त चालत्या इंजिनातच दिसतात आणि काउलिंग उघडून प्लग काढले की पुरावा नाहीसा होतो. इंजिन गरम करून १८०० फेऱ्यांवर एकेका मॅग्नेटोवर (प्लगांना ठिणगी देणारे यंत्र; इंजिनाला अशी दोन असतात) तपासावे. सेसनाच्या पुस्तिकेप्रमाणे कोणत्याही मॅग्नेटोवर घट १५० फेऱ्यांपेक्षा जास्त नसावी आणि दोन्ही घटींतील फरक ५० पेक्षा जास्त नसावा. आकड्याइतकेच लक्ष घट कशी होते याकडे द्यावे. फेऱ्या कमी होताना इंजिन थरथरत असेल तर एखादा प्लग किंवा त्याची वायर काम करीत नाही. घट मोठी, पण इंजिन गुळगुळीत चालते आहे, असे असेल तर टायमिंग किंवा मिश्रणाकडे पाहावे. घट मुळीच होत नसेल तर त्यावर समाधान मानणारे वैमानिक आढळतात, पण ती सर्वांत धोक्याची खूण आहे. त्या मॅग्नेटोची पी-लीड, म्हणजे स्विच बंद केल्यावर मॅग्नेटोला जमिनीशी जोडणारी वायर, तुटलेली असू शकते आणि किल्ली काढून घेतल्यावरही तो मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा विमानाचा प्रोपेलर हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकते. प्रत्यक्षात स्विच काहीही दाखवत असला, तरी हँगरमधील प्रत्येक प्रोपेलर चालू आहे असे समजूनच त्याच्याजवळ उभे राहावे.

याच वेळी तेलाचा दाब आणि तापमानही नोंदवावे. या विमानात दाबाचा हिरवा पट्टा ५० ते ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि गरम इंजिन आयडलवर (किमान फेऱ्यांवर) असताना दाब २० च्या खाली जाता कामा नये. इंजिन बंद करताना मिक्श्चर (हवा-इंधनाचे मिश्रण बदलणारा नॉब) सावकाश मागे ओढून फेऱ्या किती वाढतात हेही पाहून ठेवावे; त्या आकड्याचा उपयोग पुढे होईल.

तेल आणि फिल्टर

तेल इंजिन गरम असतानाच काढावे. थंड तेलातील गाळ तळाशी बसतो आणि तेथेच राहतो. तेल प्रयोगशाळेत पाठवायचे असेल तर नमुना धारेच्या मध्यावर घ्यावा. पहिल्या धारेत तळाचा कचरा येतो. एका नमुन्याच्या अहवालावरून निर्णय घेऊ नये. लोहाचे प्रमाण किती आहे यापेक्षा ते मागील अहवालांच्या तुलनेत किती वाढले हे महत्त्वाचे असते.

पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असलेल्या इंजिनात तेल आणि फिल्टर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलावे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. फक्त जाळी असलेल्या जुन्या इंजिनात ही मर्यादा २५ तासांची आहे. चार महिन्यांची अट अनेक मालकांना जाचक वाटते, कारण विमान त्या काळात १५ तासही उडालेले नसते. परंतु तेलात साठणारे पाणी आणि आम्ल उड्डाणाच्या तासांची वाट पाहत नाहीत, आणि कमी उडणाऱ्या विमानालाच या अटीची अधिक गरज असते.

फिल्टर काढून तसाच टाकून देणे म्हणजे तपासणीचा निम्मा भाग सोडून देणे होय. तो फिल्टर कापण्याच्या खास कटरने उघडावा. हॅकसॉने कापल्यास करवतीचा कीस आत पडतो आणि मग तो इंजिनाचा की करवतीचा हे कोणालाच सांगता येत नाही. घड्यांचा कागद पात्याने दोन्ही टोकांना कापून सोडवावा, व्हाइसमध्ये दाबून त्यातील तेल काढावे आणि उन्हात उलगडून पाहावा. काळे चकाकणारे कण दिसले तर प्रथम नखाखाली दाबून पाहावे: चुरा झाला तर तो कार्बन आहे. मग कागद स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये धुवून तळाशी राहिलेल्या गाळात चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे बारीक पोलादी कण कॅमशाफ्ट आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, यांच्या झिजेकडे बोट दाखवतात. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे असतात आणि लायकॉमिंगमध्ये त्यांचा उगम अनेकदा पिस्टन पिनच्या टोकांवरील प्लगमध्ये सापडतो. पिवळसर चकाकी ब्राँझची असू शकते. नवीन सिलिंडर बसवल्यानंतरच्या पहिल्या एकदोन फिल्टरांत थोडे धातूकण येणे स्वाभाविक आहे. जुन्या, स्थिर इंजिनात अचानक आले तर मात्र कणांचे प्रमाण मोजून पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे निर्णय घ्यावा. ‘थोडेच आहेत’ असे लॉगबुकमध्ये लिहून विमान सोडू नये. संपच्या (इंजिनाखालील तेलाच्या टाकीच्या) तळातील सक्शन जाळीही याच वेळी काढून पाहावी. ती अडचणीच्या जागी असल्यामुळेच वारंवार विसरली जाते.

नवीन फिल्टरच्या रबरी गॅस्केटला फिल्टरवर सांगितलेले वंगण लावावे, फिल्टरवर छापलेल्या टॉर्कपर्यंत तो आवळावा आणि लॉकवायर (सैल होऊ न देणारी तार) घालावी. जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनाच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोटाने फिरवून तपासावे. दोन गॅस्केट एकावर एक बसली तर विमान हवेत असताना तेल गळते.

तेलाचा प्रकार निवडताना एक नियम कडक आहे. नवीन किंवा ओव्हरहॉल केलेल्या इंजिनात पहिले ५० तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, साधे मिनरल तेल वापरावे आणि त्यानंतर ॲशलेस डिस्पर्संट (कचरा तरंगत ठेवणारी, राख न करणारी रसायने असलेल्या) तेलाकडे वळावे. या काळात इंजिन ६५ ते ७५ टक्के शक्तीवर उडवावे. नव्या सिलिंडरचे विमान ‘जपून’ कमी शक्तीवर चालवले किंवा एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) उगीच चालवत ठेवले तर पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत, भिंतीवर तेलाची काचेसारखी पुटे चढतात आणि इंजिन कायमचे तेल पिऊ लागते. पुढे नेहमीच्या वापरात रोज उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० हे मल्टिग्रेड तेल उत्तम चालते. आठवडे उभ्या राहणाऱ्या खासगी विमानात, आपल्याकडच्या हवामानात, मी एकाच ग्रेडचे १०० क्रमांकाचे तेल पसंत करीन, कारण ते भागांवर अधिक काळ टिकून राहते.

या इंजिनात जास्तीत जास्त ८ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे सुमारे ०.९५ लिटर) तेल बसते आणि ५ च्या खाली ते चालवू नये. मात्र पूर्ण ८ भरल्यावर शेवटचा क्वार्ट ब्रीदरच्या (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून पोटाखाली उडतो, असे पुष्कळ विमानांत दिसते. आपले विमान कोणत्या पातळीवर स्थिरावते ते पाहून तेथपर्यंतच भरावे. लांबच्या उड्डाणाला मात्र सेसना पूर्ण भरण्यास सांगते. तेलाच्या खपाची लायकॉमिंगने दिलेली कमाल मर्यादा १८० अश्वशक्तीला तासाला सुमारे ०.५८ क्वार्ट इतकी सैल आहे, त्यामुळे मर्यादेच्या आत असणे हे निरोगी असण्याचे लक्षण नव्हे.

स्पार्क प्लग

आठही प्लग काढताना भोके पाडलेला आणि ‘१ वर’, ‘१ खाली’ अशा खुणा केलेला ट्रे वापरावा, कारण प्लग कोणत्या जागेचा होता हे कळले नाही तर त्याच्या तोंडावरील माहितीला अर्थ उरत नाही. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त असलेले, आहे. ओला, तेलकट प्लग खालच्या जागेवर एखाददुसरा चालतो. वरच्या जागेवर तो आढळला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड यांची शंका घ्यावी. इन्सुलेटरवर पांढरट काचेसारखे थर असतील तर एअर फिल्टरमधून धूळ आत जाते आहे. आणि राखाडी, टणक गोळ्या दिसल्या तर ते शिसे आहे.

शिशाचा प्रश्न थोडा समजून घेण्यासारखा आहे. हे इंजिन १०० एलएल या निळ्या रंगाच्या इंधनावर चालते. ते भारतात दीर्घकाळ आयात होत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवलेले देशी १०० एलएल बाजारात आणले. नावात ‘लो लेड’ असले तरी त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते वायुरूपाने बाहेर पडावे म्हणून इंधनात ब्रोमिनचे संयुग मिसळलेले असते, पण त्यासाठी प्लगचे नाक पुरेसे तापावे लागते. विमान जमिनीवर चालवताना (टॅक्सी करताना) ६०० ते ७०० फेऱ्यांवर आणि पूर्ण रिच मिश्रणावर ते तापत नाही, आणि शिसे खालच्या प्लगांत साचते. म्हणून जमिनीवर फेऱ्या १००० ते १२०० ठेवाव्यात आणि मिश्रण भरपूर लीन, म्हणजे इंधन कमी असलेले, करावे. किती, याचे व्यवहारी माप असे की थ्रॉटल पुढे सारल्यावर इंजिन अडखळले पाहिजे. म्हणजे मिश्रण तसेच विसरून कोणी टेकऑफ करू शकणार नाही. अर्धवट लीन करणे मात्र धोक्याचे, कारण तेव्हा इंजिन पूर्ण शक्तीवर जाते आणि तेथे त्याला इंधन कमी पडते. प्लगांच्या निम्म्या तक्रारी हँगरमध्ये सुटत नाहीत, कॉकपिटमध्ये सुटतात. इन्स्ट्रक्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवले तर तंत्रज्ञांचे कितीतरी कष्ट वाचतील.

शिशाच्या गोळ्या कंपन करणाऱ्या खास हत्याराने काढाव्यात आणि नंतरच हलके ब्लास्टिंग करावे. साध्या जाड इलेक्ट्रोडच्या प्लगमध्ये फट ०.०१६ ते ०.०२१ इंच, म्हणजे साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. फट कमी करताना बाहेरचा इलेक्ट्रोड हळूहळू आत आणावा आणि दाब देताना गेज मध्ये ठेवू नये, कारण तो दाब मधल्या इलेक्ट्रोडवर जाऊन सिरॅमिक तडकते. प्लगचा आतील रोध मोजावा आणि तो ५००० ओहमच्या वर गेला असेल तर प्लग बाद करावा. दिसायला स्वच्छ असूनही सकाळी इंजिन सुरू होऊ न देणारे प्लग बहुधा हेच असतात. हातातून जमिनीवर पडलेला प्लग पुन्हा बसवू नये, मग तो नवा असो.

बसवताना खालचे प्लग वर आणि वरचे खाली न्यावेत, आणि त्याच वेळी फायरिंगच्या क्रमातील, म्हणजे १-३-२-४ मधील, पुढच्या सिलिंडरला द्यावेत. मॅग्नेटो आळीपाळीने विरुद्ध ध्रुवतेची ठिणगी देतो, आणि जागा बदलल्याने दोन्ही इलेक्ट्रोड सारखे झिजतात. तांब्याचे वॉशर नवे घ्यावे. अँटी-सीझ पहिला आटा सोडून पुढच्या आट्यांना अगदी थोडे लावावे. पहिल्या आट्यावर लावलेले गरम होऊन इलेक्ट्रोडवर ओघळते. टॉर्क ३० ते ३५ फूट-पौंड. वायरीचा नट आवळताना तिचा कोपरा दुसऱ्या हाताने धरून ठेवावा.

कॉम्प्रेशन आणि बोरोस्कोप

ही चाचणी इंजिन गरम असताना घ्यावी आणि तिला दोन माणसे लागतात. प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढलेला असावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणून प्रथम १५ ते २० पीएसआय इतकीच हवा सोडावी, प्रोपेलर पकडणाऱ्याने तो घट्ट धरून पिस्टन टॉप डेड सेंटरवर, म्हणजे अगदी माथ्यावर, आणावा, आणि मग दाब ८० पर्यंत वाढवावा. पिस्टन अगदी माथ्यावर नसेल तर ८० पीएसआयची हवा त्याला खाली ढकलते आणि प्रोपेलर झटक्यात फिरतो. प्रोपेलर धरणाऱ्याने पात्याच्या मार्गात पाय ठेवू नये आणि सैल शर्टाच्या बाह्या दुमडाव्यात. हवा सोडणाऱ्याने त्याच्या तोंडी होकाराशिवाय दाब वाढवू नये.

दोन गेजांच्या टेस्टरच्या दुसऱ्या गेजवर जो दाब टिकतो तो ‘७४/८०’ असा लिहितात. सर्व सिलिंडरांत ५ पीएसआयपर्यंतचा फरक ठीक आहे, १० ते १५ चा फरक आढळला तर कारण शोधावे, आणि ६० च्या खाली गेल्यास सिलिंडर काढण्याचा विचार करावा, असे लायकॉमिंग सांगते. हवा कोठून निसटते ते कानाने ऐकावे: एक्झॉस्ट नळीत फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा घेण्याच्या तोंडाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या नळीत आली तर रिंगा. रिंगांमधून थोडी हवा नेहमीच जाते. एक्झॉस्टमधील आवाज मात्र हलका असला तरी हलक्यात घेऊ नये.

कमी आकडा दिसताच सिलिंडर उतरवण्याची घाई करू नये. विमान तासभर उडवून गरमागरम पुन्हा मोजले तर ५८ चा आकडा ७० वर जाऊ शकतो, कारण रिंगांच्या फटी एका ओळीत आल्या होत्या किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर कार्बनचा कण अडकला होता. उलट आकडा चांगला असूनही व्हॉल्व्ह जळू लागलेला असू शकतो, म्हणून बोरोस्कोपने (प्लगच्या भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे तोंड पाहावे. निरोगी व्हॉल्व्हवरील रंग मध्यापासून कडेपर्यंत गोलाकार, सर्व बाजूंनी सारखे असतात. कडेच्या एखाद्या भागात हिरवट किंवा गुलाबी चंद्रकोर दिसली तर तेथून उष्ण वायू निसटत आहेत. प्रत्येक तपासणीत त्याच कोनातून फोटो काढून ठेवावा. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते कोणत्याही गेजवर दिसत नाही.

सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन दोनतीन मिनिटे लंगडते आणि गरम झाल्यावर सुधारते, अशी तक्रार वैमानिकाने लिहिली असेल तर प्लग बदलून ती मिटवू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर कार्बन साचून तो गाइडमध्ये अडकू लागल्याची ही ओळखीची खूण आहे. पुढची पायरी म्हणजे वाकलेला पुशरॉड आणि हवेत गेलेली शक्ती. सर्व्हिस बुलेटिन ३८८ मध्ये दिलेली गाइडची चाचणी अशा वेळी मुदतीची वाट न पाहता करावी.

मॅग्नेटोचे टायमिंग

टायमिंग किती अंश हे इंजिनाच्या डेटा प्लेटवर कोरलेले असते. या घराण्यात ते अनेकदा टॉप डेड सेंटरच्या २५ अंश आधी असते, काही इंजिनांत २० असते. पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. टायमिंग बॉक्स, म्हणजे प्रत्येक मॅग्नेटोच्या ठिणगीचा क्षण दिव्याने दाखवणारे साधन, वापरताना स्विच ‘बोथ’वर ठेवावा लागतो किंवा पी-लीड सोडवावी लागते, म्हणजेच दोन्ही मॅग्नेटो जिवंत असतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा निदान एक प्लग काढलेला आणि सर्व वायरी प्लगांपासून सोडवलेल्या असाव्यात.

पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून प्रोपेलर नेहमीच्या दिशेने फिरवावा. अंगठा ढकलला जाऊ लागला की ती कॉम्प्रेशनची फेरी. इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणाऱ्या जोडणीचा) ‘टक’ आवाज होऊ द्यावा, मग प्रोपेलर उलट दिशेने सुमारे ३५ अंशांच्या खुणेपर्यंत मागे न्यावा, आणि तेथून पुन्हा पुढच्या दिशेने अगदी सावकाश आणावा. स्टार्टर रिंगच्या पुढच्या बाजूवरील २५ ची खूण स्टार्टरवरील छोट्या छिद्रासमोर येताच दोन्ही दिवे एकाच क्षणी बदलले पाहिजेत. खूण ओलांडली गेली तर नुसते मागे येऊन थांबू नये. गिअरच्या दातांमधील मोकळी जागा मोजमापात शिरते. पुन्हा १० अंश मागे जाऊन पुढे यावे.

एक दिवा आधी बदलत असेल तर त्या मॅग्नेटोचे क्लॅम्प थोडे सैल करून तो हलक्या हाताने फिरवावा, दिवा बदलण्याच्या नेमक्या बिंदूवर आणावा, दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत आणि संपूर्ण चाचणी पुन्हा करावी. नट आवळताना मॅग्नेटो किंचित सरकतो, आणि दुसऱ्यांदा न तपासलेले टायमिंग म्हणजे न केलेले टायमिंग. मागील तपासणीपासून ते बरेच सरकलेले आढळले तर नुसते जुळवून सोडू नये. आतील कॉन्टॅक्ट पॉइंट किंवा कॅम झिजत असण्याची शक्यता असते. ५०० तासांनी मॅग्नेटो उतरवून उघडावाच लागतो. टायमिंग आधी सरकले तर सिलिंडर हेड तापतात, डेटोनेशनचा (मिश्रणाच्या स्फोटासारख्या ज्वलनाचा) धोका वाढतो आणि रनअपमधील (जमिनीवर इंजिन चालवून घेतलेल्या चाचणीतील) घट उलट कमी दिसते. नंतर सरकले तर शक्ती घटते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते.

मिश्रण, नोझल आणि हवेचा मार्ग

आता इंजिन बंद करताना टिपलेल्या त्या आकड्याकडे यावे. मिक्श्चर मागे ओढताना फेऱ्या ५० पेक्षा जास्त वाढल्या तर आयडलचे मिश्रण रिच आहे. मुळीच न वाढता लगेच पडल्या तर लीन. फ्युएल सर्व्होवरील (इंधन मोजून देणाऱ्या यंत्रावरील) छोटे दातेरी चाक एका वेळी थोडेसेच फिरवावे, इंजिन क्षणभर वाढवून साफ करावे आणि पुन्हा पाहावे. परंतु चाकाला हात लावण्याआधी इनटेक नळ्यांचे जोड तपासावेत. तेथे निळसर डाग किंवा सैल पट्टा आढळला तर हवा तेथून आत जाते आहे, आणि अशा वेळी मिश्रण जुळवणे म्हणजे गळती झाकणे होय.

सिलिंडरांना इंधन देणारे चार नोझल सारखे इंधन देतात का हे पाहण्यासाठी नळ्या नोझलसह सोडवून एकेक सारख्या बाटलीत सोडाव्यात, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवून बूस्ट पंप (विजेवरचा इंधन पंप) थोडा वेळ चालवावा आणि पातळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. बंद झालेला नोझल सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवेने साफ करावा. तारेने टोचला तर छिद्र मोठे होते आणि तो सिलिंडर कायमचा इतरांपेक्षा वेगळा वागतो.

सिलिंडरभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचे रबर यांना बॅफल म्हणतात. त्यांकडे दुर्लक्ष होते, कारण ते इंजिनाचा भाग वाटत नाहीत. हेडचे तापमान जास्तीत जास्त २६० अंश सेल्सियसपर्यंत चालते असे पुस्तकात असले तरी दीर्घायुष्यासाठी ते २०० च्या आसपास किंवा खाली ठेवावे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४५ अंश असताना रबराची एक दुमडलेली कड पुरेशी होते. उघड्या काउलिंगमध्ये टॉर्च आत ठेवून अंधारात बाहेरून पाहावे: जेथून उजेड दिसतो तेथून थंड हवाही वाया जाते. एक्झॉस्टचे जोड पांढरट-राखाडी रेघांसाठी पाहावेत आणि केबिन हीटरचा मफलर आवरण काढून तपासावा, कारण तेथील चिरेतून कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो.

सर्व जोडल्यावर काउलिंगशिवाय छोटे रनअप घेऊन गळती पाहावी, मग काउलिंग लावून पूर्ण रनअप घ्यावे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे ठेवावे आणि पूर्ण शक्तीवर लागेल तेवढाच वेळ ठेवावे.

हे सर्व लायकॉमिंगपुरते आहे. हलक्या विमानांतील रोटॅक्स ९१२ ला पाण्याने थंड होणारी हेड, गिअरबॉक्स, दोन कार्ब्युरेटरांचे सिंक्रोनायझेशन आणि ड्राय संप (तेलाची वेगळी टाकी) असतो. तेथे तेल मोजण्याआधी टाकीत गुडगुड आवाज येईपर्यंत प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो. वरील आकडे त्याला लावू नयेत.

पावसाळ्यात उभे राहणारे विमान

लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबले की त्यावरील तेल निथळून जाते आणि दमट हवेत उघड्या पोलादावर गंज धरतो. पुढच्या उड्डाणात तो गंज टॅपेटच्या तोंडाला खरवडतो आणि फिल्टरमध्ये तेच पोलादी कण सापडतात. जुहूसारख्या समुद्राकाठच्या विमानतळावर जून ते सप्टेंबर या काळात हे विशेष वेगाने घडते. उपाय म्हणून अनेक मालक दर रविवारी इंजिन दहा मिनिटे चालवतात, आणि त्याने नुकसानच होते: तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी आतच राहते. प्रोपेलर हाताने फिरवल्याने उरलेसुरले तेलही पुसले जाते. ३० दिवसांतून एकदा तरी सलग एक तास, तेल ७५ ते ९३ अंश सेल्सियसवर ठेवून, विमान उडवावे.

ते शक्य नसेल तर इंजिन जतन करून ठेवावे. गरम इंजिनाच्या वरच्या प्लगच्या भोकांतून प्रोपेलर फिरवत जतनाचे तेल प्रत्येक सिलिंडरमध्ये फवारावे, मग प्रोपेलर थांबवून पुन्हा एकदा फवारावे आणि त्यानंतर तो अजिबात हलवू नये. वरच्या जागी डिहायड्रेटर (ओलावा शोषणारे) प्लग बसवावेत, ब्रीदर आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करावीत, आणि ‘प्रोपेलर फिरवू नये’ अशी लाल पट्टी पात्यावर ठळकपणे बांधावी. प्लगमधील निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावेत. कोकणातल्या श्रावणात हे दर आठवड्याला पाहणे शहाणपणाचे. विमान पुन्हा उडवताना तोंडावरची सर्व झाकणे मोजून काढावीत, खालचे प्लग काढून प्रोपेलर हाताने काही फेऱ्या फिरवावा म्हणजे साठलेले तेल बाहेर पडेल, आणि साफ केलेले प्लग नव्या वॉशरसह बसवूनच स्टार्टरला हात लावावा.